देऊळ फिरलं, नंदी राहिला

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य आमच्याकडे मूल अक्षर गिरवायला लागायच्या आधी शिकतं. त्याचा अर्थ काय, हे मला 47 वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. विचारायची पद्धतही नाही. जो विचारतो तो परभणीचा नाही, एवढाच अर्थ निघतो.

मात्र एका बाबतीत परभणीला तोड नाही. इथं जागा बदलायला जागचं हलावं लागत नाही. माझे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. 1948 साली ते भारतात आले, 1956 साली मुंबई राज्यात गेले, 1960 साली महाराष्ट्रात आले, आणि या सगळ्या प्रवासात त्यांनी ओट्यावरची सतरंजीसुद्धा उचलली नाही. औंढा नागनाथाचं तसंच. आम्ही शाळेत असताना ज्योतिर्लिंग आमच्या जिल्ह्यात होतं, आणि गुरुजी ते नकाशावर दाखवताना छाती फुगवत असत. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि एका रात्रीत देव शेजारच्या जिल्ह्यात गेला. पायरीचा दगड हलला नाही. जागा ही वस्तूला नसते, आपण मोजायला कुठून सुरुवात करतो त्याला असते, हा धडा मला तेव्हाच मिळाला होता. पण मी बी.कॉम. करत असल्यामुळे तो माझ्या उपयोगी पडला नाही.

पुढे मी बँकेत कारकून झालो. आता आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. खुर्ची तीच आहे, तिचा डावा हातही पूर्वीसारखाच तुटलेला आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमचे चिरंजीव नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. ते एप्रिल महिन्यात अभ्यासाच्या सुट्टीवर घरी आले. अभ्यासाची सुट्टी म्हणजे अभ्यासाला सुट्टी, हे सूज्ञ पालकांना सांगायला नको. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि घरात चिरंजीव कूलरच्या तोंडाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. विचारलं, “काय चाललंय?” तर म्हणाले, “स्प्राईट फिरवतोय.”

आता स्प्राईट म्हणजे मला थंड पेय. उन्हाळ्याचे दिवस होते. मी म्हटलं, “फिरवतोस कशाला? ओत दोन ग्लासात.”

त्यावर त्याने बापाकडे ज्या नजरेने पाहायचं असतं त्या नजरेने पाहिलं, आणि समजावून सांगितलं. संगणकावरच्या खेळात जी सपाट चित्रं इकडून तिकडे सरकतात आणि गरगर फिरतात, त्यांना स्प्राईट म्हणतात. माणूस, बैल, मोटार, काहीही असो, खेळाच्या लेखी तो एक चौकोनी कागद. त्या कागदाला दोन गोष्टी सांगायच्या: कुठे उभं राहायचं आणि किती वळायचं. एवढंच काम. बँकेत मला 22 वर्षं याच दोन गोष्टी सांगत आलेले आहेत, तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो.

खेळ कसला, तर औंढ्याच्या देवळाचा. कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचा होता आणि सगळी मुलं मोटारीच्या शर्यती करत होती. याला आपलं काहीतरी करायचं होतं. कथा तुम्हाला ठाऊक असेलच. नामदेव महाराज नागनाथाच्या दारात कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांना ते रुचलं नाही, त्यांनी त्यांना तिथून हटवलं आणि देवळाच्या मागे जायला सांगितलं. नामदेव मागे गेले आणि तिथे कीर्तन सुरू केलं, तर देऊळच फिरलं आणि त्याचं तोंड नामदेवांकडे झालं. ही केवळ आमच्या भागातली आख्यायिका नाही. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख त्यांतही आहे. म्हणजे ही वार्ता पंजाबात जाऊन पोचलेली आहे. आणि नामदेवांची नरसी औंढ्यापासून फार लांब नाही. तीही 1999 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

चिरंजीवांच्या खेळात हे सगळं आकाशातून खाली पाहिल्यासारखं दिसत होतं. मधोमध देवळाचा चौकोन, खालच्या बाजूला दार, दारासमोर नंदी, आणि वरच्या बाजूला, म्हणजे देवळाच्या पाठीशी, नामदेव आणि टाळकरी. बटण दाबलं की देवळाने अर्धी फेरी मारायची.

बटण दाबलं. देवळाने वळायच्या ऐवजी तिरकस झोका घेतला, नामदेव आणि टाळकरी यांच्या अंगावरून गेलं, आणि वर डावीकडे जाऊन अर्धं पडद्याबाहेर उभं राहिलं. टाळ मात्र वाजत होते.

“हे काय रे?” मी म्हटलं. “नामदेवांवर उपकार करायचे की त्यांना चिरडायचं?”

“पिव्हट चुकलाय,” तो म्हणाला.

त्या दिवशी आणि पुढच्या दोन रात्री मी जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. वाचकांपैकी कुणाला यात गती असेल तर त्याने हा भाग गाळावा. नसेल तर त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा, कारण मीही तसाच ठेवलेला आहे.

पडद्यावरचं शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं. तिथून उजवीकडे आकडा वाढतो, आणि खाली येतानाही वाढतो. शाळेतल्या आलेखात वर गेलं की वाढतं, इथं उलट. जुन्या पडद्यांवर उजेडाचा ठिपका वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून ओळीओळीने खाली उतरत असे, त्याची ही खोड राहिलेली आहे. विज्ञानाची मुलं इथं अडखळतात म्हणे. मी अडखळलो नाही. लेजरचं पानही वरच्या डाव्या कोपऱ्यातच सुरू होतं आणि अनुक्रमांक खाली खाली वाढत जातो. आयुष्यात प्रथमच वाणिज्य शाखेचा विज्ञानावर विजय झाला, आणि तो पाहायला घरात फक्त मीच होतो.

दुसरी गोष्ट कोनाची. आपण अंशांत बोलतो, संगणकाची गणितं रेडियनमध्ये चालतात, आणि एक रेडियन म्हणजे जवळजवळ 57.3 अंश. चिरंजीवांनी एका ठिकाणी सरळ 180 लिहिलं होतं. संगणकाने ते 180 रेडियन समजून हिशेब केला, म्हणजे 28 पूर्ण फेऱ्या आणि वर साधारण 233 अंश. देऊळ कुणाकडेच तोंड न करता तिरपं उभं राहिलं. ही चूक मी पकडली नाही, पण ओळखली. आमच्याकडे शाखेने ‘हजार’ म्हणून पाठवलेला आकडा वरच्या कचेरीत ‘लाख’ म्हणून वाचला गेला होता तेव्हा आमचा व्यवसायही असाच उभा होता.

पण खरी मेख आहे ती पिव्हटमध्ये, म्हणजे फिरण्याच्या मध्यात. चित्राला नुसतं ‘फिर’ म्हणून भागत नाही, ‘कशाभोवती फिर’ हे सांगावं लागतं. सांगितलं नाही तर ते कोपऱ्याभोवती फिरतं. कोपऱ्याभोवती फिरलं की गाभारा जागेवर राहत नाही, पिंडच निघून जाते. वळलं ते वळलंच, शिवाय हललंही. आणि क्रमही सांभाळावा लागतो: देवळाचा मध्य आधी शून्यावर आणायचा, तिथे फिरवायचं, आणि मग उचलून जागेवर नेऊन ठेवायचं. आधी जागेवर नेलं आणि मग फिरवलं, तर ते पडद्याच्या कोपऱ्याला बांधलेल्या घाण्याच्या बैलासारखं लांबून चक्कर मारतं. तीच दोन कामं, तोच कोन, तेवढंच अंतर. फक्त क्रम उलटा झाला की देव दुसऱ्या गावाला.

“आधी फिरव, मग सरकव,” असं त्याने वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

मला गंगाखेडची आठवण झाली. जनाबाईंचं गाव. लहानपणी तिथे जात्याची गोष्ट ऐकून आल्यावर मी आजीच्या जात्याजवळ बसून राहत असे. जात्याचा खुंटा कडेला असतो. हात तिथे धरायचा, जोर तिथे लावायचा. पण जातं फिरतं ते मधल्या खिळीभोवती. ढकलणारा कडेला आणि फिरण्याचा मध्य मध्ये, म्हणून पीठ पडतं. खीळच कडेला सरकली तर वरची तळी उडून दळणाऱ्याच्या मांडीवर यायची.

असो. मध्य जागेवर आला आणि देऊळ जागच्या जागी वळायला लागलं. तरीही ते वळताना झिंगल्यासारखं डोलत होतं. कारण असं, की 200 ठिपक्यांचा चौकोन 45 अंश वळवला की त्याला मावायला सुमारे 283 ठिपक्यांचा चौकोन लागतो. तिरपा माणूस जास्त जागा अडवतो, हे एस.टी.त कुणीही पाहिलेलं आहे. चौकोन वाढला की त्याचा कोपरा सरकतो, आणि कोपऱ्यावर भरवसा ठेवणारं चित्र डोलतं. म्हणून फिरवण्याआधी मध्य लिहून ठेवायचा आणि फिरवल्यावर नवा चौकोन पुन्हा त्याच मध्यावर बसवायचा.

हेही झालं. देऊळ डौलात वळलं, नामदेवांसमोर दार आलं. घरात मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. आणि मग माझं लक्ष गेलं. नंदी जिथल्या तिथेच होता, आता देवळाच्या पाठीकडे पाहत बसलेला.

“नंदी राहिला की रे!”

“तो देवळाचा चाइल्ड नाही, बाबा. वेगळा स्प्राईट आहे. देवळाला जोडला असता तर देवळाबरोबर फिरला असता.”

“मग जोड.”

“का जोडू? औंढ्याला नंदी मागेच आहे, असंच सांगतात ना सगळे?”

तेही खरं. औंढ्याला दर्शन घेऊन बाहेर आलं की हीच खूण दाखवतात: बघा, देऊळ फिरलं म्हणून नंदी मागे राहिला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, असं आपण म्हणतो. नंदी वासा नव्हता. त्याची दोन स्पष्टीकरणं मला सुचली. एक, तो निष्ठावंत होता. देवाने कुठेही पाहावं, मी माझी नेमलेली जागा सोडणार नाही. दोन, त्याला सर्क्युलर मिळालं नव्हतं. बँकेच्या अनुभवावरून मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं.

मात्र प्रश्न डोक्यात घर करून राहिला. आपल्या भाषेत फिरण्याला चांगलं म्हणत नाहीत. शब्द फिरवला, पाठ फिरवली, डोकं फिरलं, दिवस फिरले. यांतलं एकही कुणी सत्काराच्या भाषणात वापरत नाही. आणि तरी औंढ्याला आपण ज्या देवासमोर हात जोडतो, त्याची कीर्ती तो फिरला म्हणून आहे. मग फिरणं वाईट की चांगलं? न फिरलेला नंदी बरोबर, की फिरलेला नागनाथ? मी हा प्रश्न जेवताना मांडला. सौ. म्हणाल्या, “आमटी गार होतीय.”

तिसऱ्या रात्री शेवटची चूक निघाली, आणि तिने माझी झोप घालवली.

देऊळ एकदम फिरून भागणार नव्हतं, हळूहळू फिरायला हवं होतं. म्हणून चिरंजीवांनी 5 अंशांची एक अशा 36 पायऱ्या केल्या. गणित बरोबर होतं. पण देऊळ वळता वळता खराब होत चाललं. आधी कडा दातेरी झाल्या, मग कोरीवकाम गेलं, मग शिखर विरघळलं, आणि नामदेवांकडे तोंड होईपर्यंत तिथे देवळाऐवजी ओल्या भिंतीवरच्या डागासारखं काहीतरी उभं होतं. दार कुठलं, भिंत कुठली, कळेना.

त्याने थोडा वेळ पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “मी फिरवलेलंच पुन्हा फिरवतोय.”

“मग?”

“अहो बाबा, चित्र वळवलं की थोडं बिघडतंच. ठिपके चौकटीत नीट बसत नाहीत, जवळपास बसवावे लागतात. 5 अंशांत ते दिसून येत नाही. पण बिघडलेलं चित्र घेऊन ते पुन्हा वळवलं, की बिघाडावर बिघाड. मूळ चित्र जपून ठेवायचं आणि दर वेळी मुळापासून वळवायचं. मुळापासून 5, मुळापासून 10, मुळापासून 15.”

त्याने दोन ओळी बदलल्या. देऊळ स्वच्छ वळलं आणि तो झोपायला गेला. मी तिथेच बसलो.

कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. माझे वडील मानवतला मोंढ्यात एका आडत दुकानावर दिवाणजी होते. त्यांनी मला हिशेब शिकवताना एकच गोष्ट तीनदा सांगितली होती: खतावणीवरून खतावणी उतरवायची नाही. दर वेळी रोजकीर्द उघडायची. खतावणीत एक चूक झाली आणि पुढची तिच्यावरून केली, की चूकच खरी दिसायला लागते, कारण दोन वह्या जुळतात.

आता जे सांगणार आहे ते या पुस्तकातल्या बाकीच्या लेखांसारखं हसण्याचं नाही, पण सुरुवात केलीच आहे तर सांगतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. एक म्हातारे शेतकरी मुदत ठेव मोडायला आले. कुणी तरी दामदुपटीचं आमिष दाखवलं होतं. मी त्यांच्याशी तासभर हुज्जत घातली, जेवणाची सुट्टी घालवली, आणि ठेव मोडू दिली नाही. ते मला शिव्या देत गेले. हिवाळ्यात हुरड्याची पिशवी घेऊन आले. हे माझं मूळ चित्र. त्यानंतर मला सांगण्यात आलं की एका गिऱ्हाइकाला तासभर द्यायचा नाही. रास्त होतं, बाहेर रांग असते. पुढे सांगण्यात आलं की विचारल्याशिवाय आपण होऊन काही सांगायचं नाही. तेही चालण्यासारखं होतं. मग कर्जाच्या कागदांबरोबर विम्याचा कागद ठेवायचा, नुसता ठेवायचा, घ्या म्हणायचं नाही. मग ‘घ्या’ म्हणायचं, पण सक्ती नाही. मग सक्ती नाही हे सांगायचं नाही. प्रत्येक वेळी मी गेल्या वर्षीच्या माझ्याकडे पाहिलं, आणि प्रत्येक वेळी फरक 5 अंशांचाच होता. हुरड्याच्या पिशवीपासून कधी मोजलं नाही.

गेल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक आजी आल्या. म्हैस विकली होती, 50,000 रुपये होते, मुदत ठेव करायची होती. साहेबांच्या टेबलावर विम्याच्या उद्दिष्टाचा कागद होता आणि त्यावर आमच्या शाखेचा आकडा लाल होता. मी आजींना म्हटलं, ठेवीपेक्षा हे बरं. दर वर्षी तेवढाच हप्ता भरायचा असतो, हेही मी सांगितलं. फक्त अशा आवाजात, की ते ऐकू आलं आणि समजलं नाही. आजींकडे दुसरी म्हैस नव्हती. मला ते ठाऊक होतं. सही साहेबांची, गोड बोलणं माझं.

22 वर्षांची नोकरी. वर्षाला 5 अंश धरले तर 110. म्हणजे मी अजून पुरता पाठमोरा झालो नव्हतो, कुशीवर होतो. एवढंच समाधान.

सकाळी सौ. गहू निवडत होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं आणि वर माझा बचावही मांडला: परिस्थिती फिरते, माणसाला फिरावं लागतं, देव फिरला, तिथे कारकुनाची काय कथा?

त्यांनी खडा बाजूला टाकला. “देव ज्याला हाकलून दिलं त्याच्याकडं फिरला. तुमचं तोंड कुणाकडं झालं?”

मी गहू पाहत राहिलो.

आयुर्विम्याच्या पॉलिसीला एक सोय असते आणि ती आम्ही फार मोठ्याने सांगत नाही. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ठरावीक दिवसांत, पसंत नसेल तर ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च, आणि जितके दिवस विमा होता तेवढ्या दिवसांचा आकार कापून बाकी पैसे परत मिळतात. पूर्वी ही मुदत साधारण 15 दिवसांची असे. 2024 पासून 30 दिवसांची आहे. आजींना कागद मिळून 19 दिवस झाले होते. मी बोटांवर मोजले, मग कॅलेंडरवर मोजले.

रविवारी चिरंजीवांना म्हटलं, “चल, औंढ्याला जाऊन नंदी प्रत्यक्ष पाहून येऊ.” आजींचं गाव त्याच वाटेवर, झिरो फाट्याच्या पुढे. फाट्यावर रसवंतीजवळ मोटारसायकल थांबवली तेव्हा चिरंजीव पाटीकडे पाहत म्हणाले, “बाबा, हे आपलं शून्य. इथून मोजायचं.” मी रस प्यालो. काही बोललो नाही.

बँकेचा माणूस रविवारी दारात आला की खेड्यात काय समजतात, हे तुम्हाला सांगायला नको. आजी ओसरीवर उठून उभ्या राहिल्या. शेजारच्या दोन बाया आपलं काम टाकून आल्या.

“काय जी सायेब? म्या कोनाचं कर्ज बुडिवलं नाही.”

“कर्जाचं नाही, आजी. ते विम्याचे कागद आलेत ना, ते परत करायचे.”

“आवं, तुमीच म्हनला व्हता ना, लई चांगलं हाये म्हून?”

“म्हणालो होतो.”

“मंग?”

“तुम्हाला दर वर्षी 50,000 भरावे लागतील. नाही भरले तर आधीचेही पुरते मिळायचे नाहीत.”

आजी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तवा सांगितलं ते खोटं, का आता सांगायलाव ते?”

चिरंजीव शेजारी उभे होते. मी वाक्य जुळवायला लागलो: खोटं असं नाही आजी, अर्धवट, म्हणजे त्या वेळच्या परिस्थितीत... आणि आपण पुन्हा 5 अंश वळतोय हे माझं मलाच कळलं.

“तवाचं,” मी म्हटलं.

एक शेजारीण “अगं माय” म्हणाली. आजी काहीच बोलल्या नाहीत. आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून पाकीट आणलं. अर्ज मी लिहूनच नेला होता. त्यांनी सही केली, एकेक अक्षर थांबून थांबून. मी निघालो तर म्हणाल्या, “चहा घेतल्याबिगर जाऊ नका. आलाव तर खरं.”

तो चहा इतका गोड होता की मला तो शिक्षा म्हणूनच दिला असावा.

औंढ्याला ऊन रणरणत होतं. अनवाणी पायांनी आम्ही फरशीवरून पळालोच. खाली गाभाऱ्यात वाकून उतरून दर्शन घेतलं. पिंड जागेवर होती. चिरंजीवांनी वर येऊन देवळाभोवती पावलं मोजली आणि वहीत काहीतरी आकृती काढली. मी नंदीजवळ सावलीत थांबलो. त्याच्या पाठीवर कुणी तरी ओला टॉवेल वाळत घातला होता.

सोमवारी साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

“हे अक्षर तुमचं आहे.”

“हो.”

“आपल्या शाखेचा आकडा पुन्हा लाल होईल, माहीत आहे ना?”

“हो.”

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनाही कुणी तरी वरून दर वर्षी 5 अंश वळवत असणारच. त्यांनी अर्ज पुढे पाठवला. मेच्या मध्यावर आजींच्या खात्यात पैसे आले, 50,000 पेक्षा थोडे कमी. आजी आल्या, ठेव केली, पावती घेतली, ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, आणि मग पलीकडच्या खिडकीवर जाऊन तिथल्या मुलीकडूनही एकदा वाचून घेतली. मला त्याचं काही वाटलं नाही. म्हणजे थोडं वाटलं.

चिरंजीवांच्या खेळाला बरे गुण मिळाले. परीक्षकांनी विचारलं म्हणे, की नंदी फिरत नाही ही चूक आहे का. त्याने सांगितलं, नाही, तसंच आहे.

बदल्यांची यादी दर वर्षी जूनमध्ये लागते. यंदा माझं नाव तिच्यात आहे, असं शिपायाने परवा मला खासगीत सांगितलं; गाव अजून कळलेलं नाही, पण रेल्वे नाही एवढं नक्की. घरी ही बातमी सांगितली तर सौ.नी फक्त “कुलूप कुठलं लावायचं?” एवढंच विचारलं. चिरंजीव लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले,

“आधी फिरलात, आता सरकवतील. क्रम बरोबर आहे, बाबा.”